चिमटीत आलेला कप

अंगठा आणि शेजारचं बोट जुळवलं की समोरचा कप उचलला जायचा. लेकीच्या कंपनीत डोळ्यांवर लावायचा एक चष्मा बनत होता. त्यात आपण वेगळ्याच खोलीत असतो आणि तिथली कामं हाताच्या खुणांनी होतात. तो माणसांवर तपासून बघायचं काम तिच्याकडे होतं.

"बाबा, म्हातारे हात हवेत," ती म्हणाली.

"मग योग्य घरात जन्मलीस."

लकव्यानंतर माझ्या उजव्या हाताची बोटं ताठ झाली होती. जन्मभर वस्तरा धरलेला हात. पण चष्म्यात कप उचलला जायचा, दार उघडायचं, दिवा लागायचा. "बघा, मशीनला तुमची चिमटी कळते," लेक म्हणायची. डॉक्टर धीर देतात, घरचे मन राखतात. मशीन काही माझ्या नात्यातलं नाही, ते कशाला खोटं बोलेल? दुकान सांभाळणारा धाकटा भाऊ माझ्या खुर्चीवर नवा कारागीर बसवायचं म्हणत होता. त्याला कळवून टाकलं, "थांब. पुढच्या महिन्यात मीच येतो."

त्या दिवशी मात्र हात जड होता. चिमटी करायचं नुसतं मनात आलं, बोटं हललीच नाहीत, आणि कप उचलला गेला.

मी चष्मा काढला. खोलीत मधे एक पडदा होता, मशीन त्याच्यामागे आहे असं तिनं सांगितलेलं. मी तो सारला. मागे लेक बसली होती. समोर स्क्रीनवर माझा हात, आणि तिचं बोट बटणावर.

"तू उचलत होतीस?"

"हात ओळखणारा भाग अजून तयार नाही, बाबा. तोवर माणूसच बटण दाबतो. कुठली खूण लोकांना सोपी जाते, तेवढंच बघायचं असतं. आधी सांगितलं तर कुणी मोकळेपणानं वागत नाही."

"आणि नंतर?"

"नंतर सांगतो. घरी जायच्या आधी."

"सगळ्यांना?"

तिनं मान खाली घातली.

"मग मीच काय घोडं मारलं होतं?"

"तुम्ही किती खूश होता. दोन घास जास्त जेवायला लागलात. माझ्या तोंडून निघेना."

परक्यांना खरं सांगितलं आणि केसानं गळा कापला तो सख्ख्या बापाचा, तोही न्हावी असलेल्या.

"काकांना मी फोन करते," ती म्हणाली.

"नको. तेवढं बटण मला दाबू दे."

डाव्या हातानं नंबर लावला.

"बोल दादा. गिऱ्हाईकं वाट बघतायत तुझी. माझ्या हाताला खुरपं म्हणतात."

"खुर्ची दे त्या नव्या कारागिराला."

"अरे, पण तू येणार होतास ना?"

"नाही जमायचं. हात होता तसाच आहे."

तो हळूच म्हणाला, "तसं पोरीनं सांगितलं का?"

ती समोरच उभी होती, ऐकत.

"नाही," मी म्हणालो. "तिनं नाही सांगितलं."