खांबांवरची मालगाडी

जिन्याच्या शेवटच्या पायरीवर आजोबा अडून बसले. आजींनी मागून चक्क ढकललं, तेव्हा कुठे त्यांचं पाऊल वर पडलं.

"रुळांवर चालायचं नसतं," ते पुटपुटले.

"रूळ आहेत कुठे? फुलझाडं आहेत. चला!"

एके काळी इथून मालगाडी धावायची. आधी ती खालच्या रस्त्यावरूनच जायची. पण माणसं चाकाखाली सापडायला लागली, म्हणून तिला खांबांवर चढवलं, तिसऱ्या मजल्याइतकं उंच. पिठाची पोती, बर्फ, कापडाचे गठ्ठे थेट गोदामांच्या पोटात शिरायचे. मग ट्रक आले, गाडी बंद पडली, गवत माजलं, आणि आता म्हणे बाग!

आजोबा शेवटच्या डब्यातले गार्ड. तीस वर्षं गाडी रोज त्यांच्याच घराच्या खिडकीवरून गेली, अगदी हाताच्या अंतरावरून. दुसऱ्या पाळीचा गार्ड अख्ख्या इमारतीला हात करायचा; आजींच्या नशिबी मात्र हा दगड. एकदा म्हणून मान वळवली नाही! संसार सुखाचा झाला, नाही कोण म्हणतंय? पण हे एवढं सलत राहिलं होतं.

खिडकीसमोर येताच आज त्यांनी विचारूनच टाकलं.

"इथून जाताना माझ्याकडे कधी बघावंसं वाटलं नाही?"

"इथे उतार आहे. ब्रेकवर हात, नजर पुढे. बायकोचं तोंड बघत बसलो असतो, तर गाडी गोदामाच्या भिंतीत!"

आजी पुढे चालू लागल्या. वळणापलीकडे बाक होतं. आजोबा त्यावर टेकले आणि काठीने मागे दाखवलं. दोन इमारतींच्या फटीतून त्यांचीच खिडकी दिसत होती.

"इथे हात मोकळे व्हायचे. इथून बघायचो. रोज."

"मग बोलला नाहीत कधी!"

"काय बोलणार? रोज तू खिडकी धाडकन लावायचीस. म्हटलं, बाईसाहेबांचा राग काही उतरत नाही."

"अहो, राग कसला! धूर यायचा. धुतलेले कपडे काळे व्हायचे."

आजोबांनी थोडा विचार केला.

"इंजिन तर पुढे असायचं. धूर आधीच यायचा. मग खिडकी आधी का नाही लावायचीस?"

"तुमचा डबा शेवटचा. तो जायच्या आधी कशी लावणार?"

आजोबा बराच वेळ काठीने माती उकरत राहिले. मग उठले.

"चल, मागे जाऊ. त्या खिडकीवरून एकदा सावकाश जायचंय मला."

"मग मला आधी घरी तर पोचू द्या," आजी म्हणाल्या, आणि गुडघ्यांची कुरकुर न ऐकता जिन्याकडे निघाल्या.