विश्वकर्मा पूजेचा पिवळा रंग

मित्रांनो, कलकत्त्यात गार्डन रीचला नदीकाठी कोळशाचा एक डेपो होता. त्याच्या मागच्या भिंतीला टेकून मी पडलो आहे. मला लोडर म्हणतात. छोट्या ट्रॅक्टरच्या पुढे दोन लोखंडी हात बसवतात आणि त्या हातांत एक मोठी बकेट असते, तोच मी. माझा ट्रॅक्टर कधीच भंगारात गेला. मला न्यायलाही कुणी आलं नाही.

१९६८ साली मी इथे आलो. रेल्वेच्या वाघिणींतून उतरलेला कोळसा उचलायचा आणि ट्रकमध्ये टाकायचा, हे माझं काम. वीस माणसं डोक्यावर टोपल्या घेऊन जे दिवसभर करत, ते मी जेवणाच्या सुट्टीआधी उरकायचो. पहिल्या दिवशी मला हार घातला. त्या वीस जणांपैकी एकानेही टाळी वाजवली नाही. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही, इतका मी खुशीत होतो.

माझी देखभाल रघुनाथ मेकॅनिक करायचा. त्याचे वडील रेल्वेच्या नोकरीसाठी इकडे आले आणि तो कलकत्त्यातच जन्मला, वाढला. मराठी बोलायला त्याला घरात फक्त आई होती. मी आलो त्याच वर्षी ती वारली आणि तो माझ्याशी मराठीत बोलू लागला. "आज तुझा तब्येत कसा आहे रे?" असं त्याचं मराठी. माझे हात वर उचलणारे दोन चकचकीत दांडे तेलाच्या दाबाने नळकांड्यांतून आत-बाहेर होतात. ते तो रोज सकाळी मऊ फडक्याने पुसायचा. त्यांच्यावर धुळीचा कण दिसला तरी त्याचं डोकं फिरायचं. मी लाडावलो होतो, हे कबूल करतो.

१९७२ मध्ये विनायकराव साहेब पुण्याहून बदलून आले. डेपोत मराठी माणूस भेटला म्हणून त्यांना कोण आनंद झाला. त्यांनी रघुनाथला गणपतीला घरी बोलावलं आणि त्यांच्या पत्नी लीनावहिनींनी त्याला उकडीचे मोदक वाढले. दुसऱ्या दिवशी तो मला त्या मोदकांबद्दल तासभर सांगत होता. साहेबांना बंगाली येत नव्हतं आणि हिंदीची बोंब होती. आल्यापासून ते रघुनाथला मराठीत सांगायचे, तो लोकांना बंगालीत सांगायचा. हळूहळू डेपोचे सगळे हुकूम त्याच्याच तोंडून निघू लागले, आणि वेड्याला त्याचा अभिमान वाटायचा.

त्या मोदकांनंतर चार दिवसांतच विश्वकर्मा पूजा आली. त्या दिवशी इथे यंत्रांना सुट्टी असते. त्यांना धुऊन, रंगवून हार घालतात आणि गच्च्यागच्च्यांवरून पतंग उडतात. त्या वर्षी वरचे अधिकारी येणार होते. फोटो चांगला यावा म्हणून विनायकरावांनी माझे हात पूर्ण वर उचलून ठेवायला लावले आणि सगळीकडे पिवळा रंग द्यायला सांगितलं. बाहेर आलेल्या दांड्यांना रंग लावू नये, त्यांना कागद गुंडाळू, असं रघुनाथ सुचवत होता.

"अरे, देवापुढे त्याला अर्धवट उभं करायचं का? सांग त्यांना," साहेब हसत म्हणाले.

घरी बोलावून जेवू घातलेल्या माणसाचा शब्द रघुनाथला मोडवेना. त्याने रंगाऱ्यांना बंगालीत सांगितलं.

दुसऱ्या दिवशी माझे हात खाली आले आणि वाळलेला रंग खरवडत दांड्यांबरोबर आत गेला. संध्याकाळपासून तेल ठिबकू लागलं. भरलेली बकेट वर नेली की आपोआप खाली उतरायची. रघुनाथने तेलाची पातळी पाहिली, नळ्या तपासल्या, सांधे आवळले, बोल्ट न् बोल्ट काढून बसवला. सगळं ठीक होतं. आता नळकांडी उघडायला हवीत, दोन दिवस काम बंद ठेवा, असं तो साहेबांना विनवत होता. वाघिणी खोळंबल्या आहेत, चालव तसाच, असं उत्तर मिळालं.

तिसऱ्या दिवशी दुपारी भरली बकेट वर असताना माझे हात सुटले. खाली जयप्रकाश सांडलेला कोळसा गोळा करत होता. तो त्या टोपलीवाल्या वीस जणांतला. त्याचा उजवा पाय घोट्यापासून गेला. मित्रांनो, चूक कुणाचीही असो, तो पाय मी चिरडला.

त्यानंतर रघुनाथने नळकांडं उघडलं. आतली तेल अडवणारी रबरी कडी फाटली होती आणि तिच्यात रंगाचं पिवळं सालपट अडकलं होतं. खरं कारण सापडलं म्हणून त्याने ते जपून कागदात ठेवलं.

चौकशी माझ्या शेजारीच झाली. दांडे रंगवायला कुणी सांगितलं, असं रंगाऱ्यांना विचारलं. त्यांनी रघुनाथकडे बोट दाखवलं, आणि ते खोटं बोलत नव्हते. आपण नको म्हणत होतो, हुकूम साहेबांचा होता, असं रघुनाथने सांगितलं. ते बोलणं कुणी ऐकलं? ऐकलं सगळ्यांनीच होतं. पण मराठी एकालाही कळत नव्हतं.

सगळे विनायकरावांकडे पाहू लागले. त्यांनी ते सालपट हातात घेऊन निरखलं.

"हमने बस रंग देने को बोला था," ते म्हणाले. "कहाँ नहीं देना, वो मेकॅनिक को मालूम होना."

"साहेब, तुम्ही मला मराठीत सांगितला होता," रघुनाथ हळूच म्हणाला.

महिन्याभरात रघुनाथला कामावरून काढून टाकलं.

आपली हत्यारं न्यायला तो आला, तेव्हा सवयीने माझे दांडे पुसू लागला. तुझी यात काही चूक नाही, एवढंच तो मला म्हणाला. पण ते बंगालीत म्हणाला. चार वर्षांत तो माझ्याशी पहिल्यांदाच बंगालीत बोलला.

मित्रांनो, यंत्राला तेल द्या, दांडे पुसा, हे तुम्हाला कुणीही शिकवेल. माझं मागणं वेगळं आहे. तुमच्या शब्दावरून दुसऱ्याच्या हातून चूक झाली, तर चौकशीच्या वेळी पुढे होऊन तो शब्द माझा होता, असं सांगा. त्या दुपारी मला सगळं ठाऊक होतं, पण तोंड नव्हतं. साहेबांना तोंड होतं. पुढच्या वर्षी ते बढती घेऊन मुंबईला गेले.