वाढप्याच्या चालीवर

ऊर्जानगरात लग्नाची पंगत बसली होती. मी ताबिश, डीजे. वाढप्यांच्या पावलांशी ठेका जुळवून संथ संगीत वाजवून राह्यलो होतो. एका सीडीचा आवाज हळूहळू उतरवायचा अन् दुसरीचा त्याच्याखालून चढवायचा, सांधा कोणाले कळू द्यायचा नाई.

नवरीचे काका वामनराव तरातरा आले. "अबे, मयत हाय का इथी? धडाक्याचं लाव!"

"नाई लावत. धडाक्यावर वाढपी पळतात, वरण पानाबाहेर सांडते."

त्यांनी वायरच उपटली. वाढपी थबकले, हातातले घास थांबले.

"कोनं बंद केलं?" पंगतीतून विहीणबाई कडाडल्या. "किती निवांत जेवून राह्यलो होतो आम्ही!"

वामनरावांनी हातातली वायर पाठीमागे लपवली.

मी म्हटलं, "सांगा न भाऊ, विहीणबाईले. कोनं बंद केलं?"