आवाज तुटतोय

ऑर्व्हिल ट्वेटनने त्या वर्षी इतके फोन घेतले आणि परत केले, की तो अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या डुलुथच्या मॉलमधल्या दुकानाच्या दारात दिसला की काउंटरवरची नॅडीन आपण होऊनच परतीची पावती काढायला घ्यायची. दोन आठवड्यांच्या आत आणलेली वस्तू का परत करता, हे गिऱ्हाइकाला विचारायचं नाही, हा तिकडच्या दुकानांचा धर्म. ऑर्व्हिलला मात्र न विचारताच सांगायचं असे.

"खरखर," काउंटरवर फोन ठेवत तो म्हणाला. "यातही खरखर आहे."

"आणि मागच्यात?"

"त्यातही. उन्हाळ्यात नेला होता तो तेवढा स्वच्छ होता. टाचणी पडली तरी ऐकू यायची. पण हातातून निसटायचा मेला, म्हणून परत केला."

"वेगळंच आहे हो तुमचं," नॅडीन गोड हसून म्हणाली.

मिनेसोटात एखाद्याला 'वेगळंच आहे' म्हणतात, तेव्हा ते कौतुक नसतं. ऑर्व्हिल जन्मभर तिथेच राहिला होता, पण स्वतःबद्दल कुणी तसं म्हटलं की त्याला ते कौतुकच वाटायचं.

तसं पाहिलं तर फोनचं वेड हे नुसतं वेड नव्हतं. बायको गेल्यापासून त्याच्याशी बोलणारं माणूस म्हणजे एकटी करिन, त्याची मुलगी. ती फार्गोला नवऱ्याबरोबर राहायची आणि दर रविवारी चर्च सुटलं की बापाला फोन करायची. ऑर्व्हिल त्या एका फोनवर अख्खा आठवडा काढायचा. सोमवारपासून तो काय काय सांगायचं ते मनाशी घोळवत असे. नव्या फोनचा पडदा किती लखलखीत आहे, कॅमेरा अंधारात काय काय टिपतो, जुन्यापेक्षा नव्याचं वजन कसं कमी. रविवारी तो भडाभडा सुरू व्हायचा. आणि नेमका बॅटरीपाशी आला की पलीकडून करिन म्हणायची, "बाबा, आवाज तुटतोय... ऐकू येत नाहीये तुझं... बाबा?" मग खरखर, खरखर, आणि फोन बंद.

तो परत लावायचा. ती उचलायची नाही. रेंज नसेल बिचारीला, असं म्हणून तो खिडकीशी बसून राहायचा आणि थंड झालेली कॉफी संपवायचा. तेव्हा त्याला फार एकटं वाटायचं.

म्हणून त्याने विडा उचलला. ज्यात करिनचा आवाज तुटणार नाही असा फोन जगात कुठेतरी असलाच पाहिजे. एक घेतला तो पोळपाटाएवढा. खिशात ठेवला की शर्टाची कॉलर खाली ओढली जायची. एक घडीचा घेतला, तो उघडताना कुरकुरायचा. मोठ्या बटणांचा म्हाताऱ्यांसाठीचा फोन शेजारच्या लॉइसने सुचवला, तेव्हा तो तिच्याशी महिनाभर बोलला नाही, आणि लॉइसला तो महिना बरा गेला. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. इथे तर पठ्ठ्या दर थोड्या दिवसांनी अंगणच परत करून नवं आणत होता.

नोव्हेंबरात त्याच्या डोक्यात उजेड पडला. माझ्या बाजूने सगळं करून झालं, म्हणजे बिघाड तिच्या बाजूला आहे! त्याने दुकानातला सर्वात भारी फोन घेतला आणि एक नाही, दोन घेतले. एक स्वतःला, एक करिनला. मग तिला कळवलं की शनिवारी येतो.

"अरे बाबा, रस्ते निसरडे असतील."

"नवे टायर आहेत."

"शिकारीचे दिवस आहेत, हरणं आडवी येतात..."

"हळू येईन."

"मग ये," करिन म्हणाली. तिकडची माणसं नको म्हणायला लाजतात.

शनिवारी दुपारी करिनने दार उघडलं आणि ऑर्व्हिलच्या हातातला खोका पडता पडता राहिला. तिचं पोट चांगलंच पुढे आलं होतं.

"हे... हे कधी? मला कुणी काही बोललं नाही!"

"सांगितलं होतं, बाबा. आत ये, गार वारा येतोय."

"सांगितलं होतंस? बघ! बघ आता!" ऑर्व्हिलला राग आला, वाईटही वाटलं, पण त्याहून जास्त त्याचं म्हणणं खरं ठरल्याचा आनंद झाला. "या फोनांपायी नातवंडाची बातमी बुडाली! म्हणून तर मी हा आणलाय. आता एक अक्षर गळणार नाही."

करिनने खोका घेतला, "छान आहे," म्हणाली आणि न उघडता फ्रिजवर ठेवून दिला.

जेवायला हॉटडिश होती, म्हणजे तिकडचा ओव्हनमध्ये भाजलेला घरगुती पदार्थ. खाली खिमा, वर बटाट्याचे कुरकुरीत गोळे, शेजारी वेफर्सची मोठी पिशवी. करिनचा नवरा डेल खाली मान घालून जेवत होता. ऑर्व्हिल पडद्यावरून कॅमेऱ्यावर आला, तेवढ्यात करिनचा फोन वाजला.

"तुझी आई," ती नवऱ्याला म्हणाली.

"मी अंघोळीला गेलोय म्हणून सांग."

करिनने फोन कानाला लावला. "हॅलो, आई! हो, मजेत. हो का? गुडघा का? अरे रे." ती ऐकत होती. ऐकता ऐकता तिने डेलकडे हात पसरला, आणि डेलने ताटावरची नजरही न उचलता वेफर्सची पिशवी तिच्या हातात दिली. करिनने पिशवी फोनजवळ नेली आणि सावकाश चुरगाळली. "आई? आवाज तुटतोय तुमचा... ऐकू येत नाहीये... आई?"

खरखर, खरखर. तिने फोन बंद करून पालथा ठेवला, एक वेफर तोंडात टाकला आणि वर पाहिलं.

ऑर्व्हिल टक लावून पिशवीकडे बघत होता. तो आवाज त्याला पाठ होता. नॅडीनला तो आवाज त्याने तोंडाने काढूनसुद्धा दाखवला होता.

"बाबा," करिन म्हणाली. तिचे कान लाल झाले होते.

"माझ्याशी पण?"

आता दुसरं कुणी तिथलं माणूस असतं तर 'छे छे, कॉफी घे अजून' म्हणून मोकळं झालं असतं. करिनही आजवर तेच करत आली होती. पण ती दमली होती, पाठ दुखत होती तिची.

"हो. तुझ्याशी पण."

"म्हणजे पोराची गोष्ट तू मला..."

"ती सांगितली होती. जुलैमध्ये. चक्क म्हणाले, बाबा, मला दिवस गेलेत. तू म्हणालास, 'थांब, परत म्हण, आता स्पीकरवर टाकून बघतो.' मी परत म्हणाले. तू म्हणालास, 'वा, काय खणखणीत येतोय आवाज!'"

ऑर्व्हिलला तो उन्हाळ्यातला फोन आठवला. तोच तो स्वच्छ फोन.

"मग मी वाट बघत राहिले," करिन म्हणाली. "म्हटलं, कधीतरी विचारशील, करिन, कशी आहेस. एवढंच. आत्ता विचार की. समोर बसलेय."

ऑर्व्हिलने तोंड उघडलं. त्याला खरोखर विचारायचं होतं. त्याने शब्द शोधले, पण इतकी वर्षं तिथे पडदे आणि बॅटऱ्याच रचून ठेवलेल्या. त्यांच्या मागे काय होतं, काही हाताला लागेना. ती शांतता डेलला सोसवेना. तो भला माणूस होता. सासऱ्याची अशी फजिती त्याला बघवली नाही.

"काय हो," डेल हळूच म्हणाला, "या नव्या फोनची बॅटरी कितपत टिकते?"

ऑर्व्हिलने करिनकडे पाहिलं. ती त्याच्याचकडे बघत होती. डेलला उत्तर न देणं एवढंच त्याचं काम होतं.

"बॅटरी ना," तो म्हणाला, "बॅटरीचं असं आहे डेल, की..."

करिन टेबलाला रेटा देऊन उठली आणि आतल्या खोलीत गेली. दार लागल्याचं ऑर्व्हिलने ऐकलं. थांबायला हवं हे त्याला कळत होतं. तो चार्जिंगपर्यंत आला होता.