न चढवलेलं निशाण

मार्गारेट व्हिटकम यांचं पत्र एकनाथराव थळ्यांनी जाडजूड शब्दकोशात ठेवलं आणि त्या दिवसापासून शब्दकोश उघडायचंच सोडून दिलं. पत्र आलं तेव्हा अमेरिकेत लेकीच्या गावी, श्रूजबरीत, गुडघाभर बर्फ होतं. आता दारातला मेपल पानांनी भरून गेला, तरी उत्तर गेलं नव्हतं.

प्रश्न साधाच होता. आमचे पूर्वज जोनास व्हिटकम हे इंग्रजी आरमाराच्या ईस्ट इंडीज ठाण्याचे प्रमुख होते, एवढं आपण लेखी कळवाल का?

एकनाथरावांचा उभा जन्म अलिबागच्या कॉलेजातल्या ग्रंथालयात गेला होता. ज्या आरमाराने आंगऱ्यांचा समुद्र गिळला, त्याचे मोठे अधिकारी कोण होते, कधी आले, लंकेतल्या त्रिंकोमाली बंदरात तापाने कोण खपले, याचा नाद त्यांना तरुणपणी लागला तो सुटला नाही. त्यावर त्यांनी इंग्रजीत एक पुस्तकही लिहिलं होतं. त्याच्या बऱ्याचशा प्रती अलिबागच्या माळ्यावर पडून होत्या. एक कशी कोण जाणे मार्गारेटबाईंच्या हाती लागली होती.

उत्तर त्यांना ठाऊक होतं. जोनास व्हिटकम ठाण्याचा प्रमुख कधीच नव्हता. नेमलेला प्रमुख तापाने गेला आणि विलायतेहून नवा येईपर्यंत हजर असलेल्यांत ज्येष्ठ कप्तान म्हणून व्हिटकमने कारभार पाहिला, इतकंच. हे उत्तर लिहायला हात धजत नव्हता, कारण मार्गारेटबाई या कॉलिनच्या आजी होत्या, आणि कॉलिनचं सप्टेंबरात आन्याशी, त्यांच्या एकुलत्या एका नातीशी, लग्न ठरलं होतं.

बाईंनी आधी या लग्नाला नाक मुरडलं होतं. आता कुठे त्यांचा सूर बदलला होता. लग्नाच्या आदल्या दिवशी, सगळ्या पाहुण्यांसमोर, त्यांच्या गावच्या चर्चच्या भिंतीवर पूर्वजाची पाटी बसायची होती. पण गावच्या वारसा समितीला एका जाणकाराचा लेखी दाखला हवा होता. जाणकार म्हणजे आपण! एकनाथरावांना स्वतःचंच हसू येई, आणि मग घाम फुटे. आपलंच कुठे चुकलं असेल तर?

त्या रविवारी मार्गारेटबाई कॉलिनबरोबर जेवायला आल्या. ऋताने, एकनाथरावांच्या लेकीने, पुरी-श्रीखंडाचा बेत केला होता. बाई ताठ बसल्या होत्या. पुरी काट्याने खाता येत नाही हे कळल्यावर त्यांनी ती हाताने खाल्ली, आणि सगळ्यांना हायसं वाटलं.

"मिस्टर थळे," बाई एकदम म्हणाल्या, "हिवाळ्यात मी तुम्हाला एक पत्र पाठवलं होतं."

एकनाथराव पुरीचे तुकडे करत राहिले. ऋताने चटकन सावरून घेतलं. "हरवलं असणार. आमच्याकडे नेहमी शेजाऱ्यांचंच टपाल येतं." आणि टेबलाखाली तिने बाबांचा पाय दाबला.

एवढी सोपी वाट होती. नुसती मान हलवायची.

"मिळालं मला," एकनाथराव म्हणाले.

जावई सुशांत श्रीखंड वाढत होता, तो डाव हातात धरून तसाच थांबला. आन्या कॉलिनकडे बघत होती ती आजोबांकडे बघायला लागली.

"मग? होते की नव्हते?"

एकनाथरावांनी पाण्याचा पेला उचलला, खाली ठेवला. "तोंडी नको," ते कसेबसे म्हणाले. "लिहून देतो. याच आठवड्यात."

"उत्तम. पाटी ओतायला द्यायची आहे. तुमच्या कागदावाचून समिती हलत नाही."

"चला!" सुशांत हसला. "सासरेबुवांची सही थेट अमेरिकेच्या भिंतीवर!" सगळे हसले. आन्या तेवढी हसली नाही.

पाहुणे गेल्यावर तिने आजोबांना सिंकपाशी गाठलं. "आजोबा, तुम्ही यस लिहिणार नाही आहात ना?"

"कशावरून?"

"तुम्हाला नो म्हणायचं असलं की तुम्ही लिहून देता. आईच्या कराओके पार्टीला पण तुम्ही चिठ्ठी लिहून दिली होती."

त्यांनी मग तिला सांगितलं. प्रमुख मेला की मागे उरलेला कप्तान पुष्कळदा आपल्याच डोलकाठीवर कमोडोरचं, म्हणजे ताफ्याच्या प्रमुखाचं, दुटोकी निशाण चढवून टाकी. लंडनहून कानउघाडणीचं पत्र यायला कित्येक महिने जात, तोवर मिरवून होई. व्हिटकमने ते चढवलं नाही.

"पण जॉब तर केला ना त्याने? मग टायटल दिलं तर व्हॉट्स द प्रॉब्लेम?"

"बाबा," ऋता आत येत म्हणाली, "कुठल्या जमान्यातली गोष्ट ती. पोरीला त्या घरात नांदायचंय. दोन ओळी खरडल्या तर काय बिघडतं? तुमचं ते पुस्तक वाचतंय तरी कोण?"

बोलून गेल्यावर तिने जीभ चावली. एकनाथराव बशी पुसत राहिले. बशी केव्हाच कोरडी झाली होती.

"आन्या, तूच सांग," ते म्हणाले. "काय लिहू?"

"डोन्ट पुट दॅट ऑन मी, आजोबा! दॅट्स नॉट फेअर." ती पर्स उचलून निघून गेली. तिची गाडी ड्राइव्हवेतून झटक्यात मागे गेली.

बरोबरच होतं तिचं. आपलं ओझं पोरीच्या खांद्यावर टाकायला निघालो, याची त्यांना लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी घरातले कामाला गेल्यावर ते लिहायला बसले. पहिल्या कागदावर त्यांनी 'होते' असं लिहिलंही. लिहिलेलं दिसायला चांगलं दिसत होतं. पण ते बघता बघता त्यांना तो कप्तान दिसायला लागला. दोरी हाताशी आहे, निशाण पेटीत आहे, आसपास बोलणारं कुणी नाही, आणि तरी हा माणूस जहाजांचं पाणी, खलाशांची आजारपणं, दारूगोळा बघत बसला आहे. अलिबागेत सरखेलीची, म्हणजे आरमाराच्या प्रमुखपदाची, वस्त्रं छत्रपतींकडून यावी लागत. कपाटातून काढून ती आपली आपण अंगावर चढवायची नसत. आणि याने जिवंतपणी जे नाकारलं, ते मेल्यावर आपण त्याच्या अंगावर चढवायचं?

त्यांनी कागद फाडला. नव्यावर लिहिलं:

"जोनास व्हिटकम ठाण्याचे प्रमुख नव्हते. प्रमुखाचं काम त्यांनी केलं आणि प्रमुखाचं निशाण चढवलं नाही. ज्या अधिकाऱ्यांचा मी आयुष्यभर अभ्यास केला, त्यांतल्या फार थोड्यांविषयी असं लिहिता येईल. पाटीवर इतकंच लिहिणार असाल, तर खाली सही करायला मी तयार आहे. उत्तराला उशीर झाला, कारण मी घाबरलो होतो."

शेवटी सवयीने 'माझ्या अल्पमतीप्रमाणे' असं लिहिलं. मग ते खोडलं.

पोस्टाकडे निघाले, तर चौकात आन्याची गाडी शेजारी येऊन थांबली. "घरीच येत होते. बसा."

पोस्टासमोर तिने गाडी लावली. पाकीट अजून उघडंच होतं. "वाचतेस?" त्यांनी विचारलं.

"नो." तिचे हात स्टिअरिंगवरच होते. "मार्गारेट चिडेल?"

"चिडतील बहुतेक."

"वेडिंगला येणार नाही?"

"ते मला नाही सांगता येत, बाळा."

समोरून एक शाळेची बस गेली, ती दिसेनाशी होईपर्यंत आन्या बघत राहिली. "तुम्ही लिहिलंय ते खरं आहे?"

"आहे."

"शुअर?"

आयुष्यभर एकनाथरावांनी प्रत्येक वाक्यापुढे 'बहुधा' लावला होता. तो आताही जिभेवर आला होता.

"शुअर," ते म्हणाले.

"मग सील करा," आन्या म्हणाली, आणि डोळे पुसून त्यांच्या बाजूचं दार उघडायला वाकली.

त्यांनी पाकीट चिकटवलं, उतरले, टपालाच्या निळ्या पेटीच्या फटीत ते अर्धं सरकवून क्षणभर धरून ठेवलं. मग सोडलं.