साठ सेकंदांतले वीस

बालमित्रांनो, ओतूरच्या एसटी स्टँडसमोर पानटपरीच्या खांबाला टांगलेला, रंग उडालेला जुना फोन दिसतो ना, तो मी. रुपया टाकून बोलायचा फोन. आता माझा रिसीव्हर तुटलाय आणि पोटात पाली राहतात.

दोन हजार तीन साली टपरीवाल्या संपतनं मला विकत आणलं. हार घातला, नारळ फोडला. "रुपयात चाकणला बोलता येतंय, लई भारी काम झालं राव!" असं लोक म्हणाले. मीही फुगलो.

पण मी सरकारी नव्हतो, संपतचा होतो. महिन्याभरात त्यानं कुणाकडून तरी माझं घड्याळ फिरवून घेतलं आणि माझं मिनिट चाळीस सेकंदांत संपू लागलं. कुणी भांडायला गेलं की तो म्हणे, "भाऊ, मशीन हाय ते. मी काय आत बसलोय व्हय?" माझ्या अंगावर तक्रारीचा नंबर होता, तोही त्याच्याच घरचा! मग लोक मलाच थोबाडायचे. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणावं, तर मी तरी कुठला संन्यासी? वीस सेकंद खाणारा मीच होतो.

एका मंगळवारी सकाळी बयाबाई आली. तिचे मालक सयाजी पहाटे दवाखान्यात वारले होते. त्यांना वाडीवर न्यायची जीप समोरच उभी होती. एकुलता एक मुलगा आदेश चाकणला कंपनीत होता. दुपारपर्यंत तो आला, तर बापाला अग्नी देणार होता. बयाबाईकडे त्याच्या शेजाऱ्यांचा नंबर होता आणि तीन नाणी.

पहिलं नाणं तिनं पलीकडे कुणी उचलायच्या आधीच टाकलं. मी ते गिळलं. दुसऱ्या वेळी शेजारीण बोलली. परक्याच्या घरी फोन केला की आधी खुशाली विचारायची, ही आपली रीत. "बरी हायेत का समदी? पोरं शाळंत जात्यात न्हवं?" शेजारीण आदेशला बोलवायला गेली, तोवर मी लाइन तोडली.

तिसऱ्या नाण्याला आदेश भेटला. मरणाची बातमी फोनवर एकदम सांगू नये, हीही रीतच.

"आदेशा, आबा लई आजारी हायेत. तू ये."

"आई, सायेब रजा नाय देणार. शनिवारी येतो."

"न्हाई रं बाळा..."

तिनं पदरानं डोळे पुसले. तेवढ्यात चाळीस सेकंद भरले आणि मी लाइन तोडली, ते तिला कळलंच नाही. मग तिनं डोळे मिटून एका दमात सांगितलं, "आबा गेलं रं. आमी थांबतो तुझ्यासाठी." आणि रडत रिसीव्हर ठेवला. ते बोलणं माझ्यापुढे गेलंच नाही.

वाडीवर दिवस मावळेपर्यंत थांबले. शेवटी पुतण्या हौशीरामनं अग्नी दिला. शनिवारी आदेश आबांसाठी मोसंबी घेऊन स्टँडवर उतरला. त्याला बापाचं मरण संपतच्या तोंडून कळलं. मोसंबी रस्त्यावर सांडली आणि मला माझ्या जन्माची लाज वाटली.

पुढे टपरीवरच्या बोलण्यातून ऐकलं, की माय-लेकांत अबोला आहे. ती म्हणते, "मी सांगितलं व्हतं." तो म्हणतो, "मला कुणी सांगितलंच नाय." दोघंही खरं बोलतात, मित्रांनो. हे ठाऊक असलेला मी एकटाच, आणि वाडीपर्यंत माझा आवाज जात नाही. म्हणून तुम्हाला सांगतो. मोठेपणी कुणाला काही मापून द्यायची वेळ आली, तर माप पुरं द्या. आपण कमी दिलेलं नेमकं कुणाच्या घरात कमी पडतं, ते देणाऱ्याला दिसत नाही.