डेस्कटॉप आवरणारा नवरा

आमचे हे, म्हणजे अभयराव, रविवारच्या पुरवणीत सदर लिहितात. सदराचं नाव 'फाईल सांभाळा'. घरात साखरेचा डबा कुठल्या फळीवर असतो हे ज्यांना इतक्या वर्षांत कळलं नाही, ते अख्ख्या जिल्ह्याला कुठली वस्तू कुठं ठेवायची ते शिकवतात. पेपरचे संपादक आदिनाथभाऊ म्हणजे यांचे कॉलेजातले मित्र, म्हणून हे सदर. नाहीतर चिकलठाण्याच्या एका कारखान्यात स्टोअर बघणाऱ्या माणसाला कोण विचारतंय?

लिहितात म्हणजे खुर्चीत रेलून बोलतात. टाईप मी करते, कारण मराठी टायपिंग मला येतं. "लिही रूपा," म्हणतात, "वाचक मित्रांनो, डेस्कटॉप हा आपल्या घराचा ओटा आहे, त्यावर पसारा नको." मी लिहिते. लिहिलेलं ते कधी वाचून बघत नाहीत. आपण बोललो म्हणजे ते बरोबरच असणार, असा त्यांचा ठाम विश्वास आहे. आदिनाथभाऊंना मेलही मीच करते आणि रविवारी सकाळी यांचं नाव ठळक अक्षरांत छापून येतं.

दोन हजार सोळाचा उन्हाळा. जायकवाडीनं तळ दाखवला होता आणि पडेगावच्या आमच्या कॉलनीतल्या बोअरमधून नुसती हवा यायची. दौलताबाद रोडला मात्र घरांच्या नव्या स्कीमच्या पाट्या रोज उगवत होत्या. प्रत्येक पाटीवर कारंज्याचं चित्र. आम्ही त्या कारंज्यांखाली रिकामे ड्रम मांडून टँकरची वाट बघायचो.

त्याच उन्हाळ्यात माझी आई, बानाबाई, खुलताबादकडच्या खेड्यातून आमच्याकडे राहायला आली. तिकडची विहीर आटली, भावानं मेंढरं विकली, आणि जन्मभर कळपामागं चाललेल्या बाईला करायला काही उरलं नाही. पहिल्याच संध्याकाळी गच्चीवर उभी राहून तिनं चारी बाजूंनी घरं बघितली.

"ही तुमची कॉलनी हाय ना," ती म्हणाली, "इथं आमची मेंढरं बसायची. लई गवत व्हतं. बंगले नव्हते तवा लई बरं व्हतं."

"गाणी म्हणायचीस का गं तेव्हा?" मी विचारलं.

"म्हणावीच लागायची. मेंढराला काय शाळा शिकवलीय व्हय?"

टँकर येईपर्यंत दुसरं काम नसायचं. मी मोबाईल तिच्यासमोर धरायची आणि ती म्हणायची. कळप वळवायची हाक वेगळी, चुकलेल्या मेंढीला बोलवायची वेगळी. बहात्तरच्या दुष्काळात कुठल्या डोहाला पाणी होतं, ते सगळं ओळीनं एका गाण्यात बसवलेलं. आणि एक गाणं असं, की कोकराची आई मेली की दुसऱ्या मेंढीनं त्याला पाजावं म्हणून तिच्या कानाशी बसून म्हणायचं. हे गाणं आईला तिच्या आजीनं दिलेलं. मला ते कधी पाठ झालं नाही, कारण मी शिकून शहरात आले आणि इथं पाजायला मेंढ्या नव्हत्या. आई मात्र एकदा म्हणायला लागली की मध्ये थांबायची नाही, टँकरचा हॉर्न वाजला तरी.

ही रेकॉर्डिंगं मी कॉम्प्युटरवर घेतली, 'आई' नावाच्या फोल्डरात. इथून पुढं यांच्या युक्त्या सुरू झाल्या. पहिली युक्ती अशी की एकच फाईल दोन ठिकाणी ठेवणं म्हणजे अडगळ. ती रविवारी छापून आली आणि सोमवारी यांनी माझा मोबाईल हातात घेऊन त्यातली सगळी रेकॉर्डिंगं पुसली. "मेमरी मोकळी झाली बघ," म्हणाले. दुसरी युक्ती अशी की डेस्कटॉपवर फोल्डर ठेवू नये, आत कुठंतरी ठेवून बाहेर फक्त शॉर्टकट ठेवावा. तीही यांनी माझ्या फोल्डरावर करून बघितली. फोल्डर सी ड्राईव्हच्या पोटात गेलं आणि बाहेर राहिलं कोपऱ्यात बाण असलेलं छोटं चित्र. मी त्यावर क्लिक केलं की आई ऐकू यायची, म्हणून मी काही बोलले नाही.

पावसाळा लागता लागता आईला लकवा मारला. घाटीच्या सरकारी दवाखान्यात नेलं, जीव वाचला, पण वाचा गेली. उजवं अंग हलेना. तोंडातून फक्त 'आ' असा एक आवाज निघायचा. दुपारी मी तिला कॉम्प्युटरजवळ खुर्चीत बसवायची आणि फोल्डर लावायची. स्वतःचा आवाज ऐकला की तिच्या डाव्या हाताचं बोट मांडीवर ठेका धरायचं. कोकराचं गाणं आलं की ती डोळे मिटून घ्यायची. दिवसभरात ती माझ्या जवळ असायची ती तेवढीच. बाकी वेळ ती छताकडं बघत पडून राहायची.

एका सुट्टीच्या दिवशी मी आईला मालिशवाल्या द्वारकाबाईंकडं घेऊन गेले होते. परत आले तर साहेब कॉम्प्युटरसमोर घामाघूम होऊन बसलेले. मशीन हळू चालतं म्हणून यांनी फॉरमॅट मारला होता. नवीन विंडोज टाकलं, वर मित्राकडून आणलेले सिनेमे भरले.

"माझं फोल्डर?" मी विचारलं.

"बॅकअप घेतलाय ना आधी. मी काय अडाणी आहे का?" यांनी पेन ड्राईव्ह माझ्या हातात ठेवला. "अख्खा डेस्कटॉप कॉपी केलाय."

अख्खा डेस्कटॉप म्हणजे अख्खे शॉर्टकट. पेन ड्राईव्हवर बाणवाली चित्रं एका रांगेत उभी होती. शॉर्टकट म्हणजे घराचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी असते, घर नसतं. यांनी चिठ्ठ्या जपून ठेवल्या होत्या आणि घर पाडलं होतं. मी 'आई'वर क्लिक केलं तर अशी फाईल इथं नाही म्हणून पाटी आली.

"असं कसं होईल?" म्हणत यांनी माझ्या हातातून माउस घेतला आणि तिथंच पुन्हा क्लिक केलं. मग पुन्हा. चार जणांनी दार ओढून बघितल्यावर पाचव्यानंही ओढून बघावं, तसं चाललं होतं. शेवटी माउस ठेवून म्हणाले, "असू दे. आई बऱ्या झाल्या की पुन्हा रेकॉर्ड कर."

मी कॉम्प्युटर उचलून शहरातल्या दुरुस्तीच्या दुकानात नेला. दुकानदारानं दिवसभर खटपट केली. संध्याकाळी मान हलवली. "भाभी, ऊपर से पिक्चरां भर दिये ना, अब नीचे का कुछ नै निकलता." आमच्या आईच्या जागेवर कुठल्यातरी हिरोची मारामारी बसली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी आईला खुर्चीत बसवलं. तिनं कॉम्प्युटरकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि बोटानं मांडीवर ठेका धरला. आता लाव, असं ते होतं. मी म्हटलं, "आई, मशीन बिघडलंय गं." ती ठेका धरूनच राहिली. मला त्या वेळी या माणसाचा इतका राग आला, की स्वयंपाकघरात जाऊन मी भिंतीला डोकं टेकवून उभी राहिले. रडू आलंच नाही.

आठवडा गेला. शुक्रवारी साहेब खुर्चीत रेलले.

"लिही रूपा. वाचक मित्रांनो, शॉर्टकट म्हणजे फाईल नव्हे. बॅकअप घेताना मूळ फोल्डर कॉपी करा, पेन ड्राईव्हवरून ते उघडून बघा, आणि मगच फॉरमॅट करा. परवा आमच्या परिचयातल्या एका गृहिणीनं अशीच घाई केली आणि काही घरगुती गाणी गमावली. तंत्रज्ञान वापरायचं तर शिस्त हवी."

माझी बोटं थांबली. "गृहिणीनं?"

"उदाहरण द्यावं लागतं. नाव कुठं घेतलंय?"

मी लिहिलं. युक्ती जशीच्या तशी लिहिली, कारण तेवढी एकच त्यांनी आयुष्यात बरोबर सांगितली होती. पुढचं मात्र मी माझ्या मनानं लिहिलं: 'ही चूक या सदराच्या लेखकानं, म्हणजे मी स्वतः केली. माझ्या सासूबाई बानाबाई आता बोलू शकत नाहीत. त्यांचा आवाज माझ्या कॉम्प्युटरवर होता. तो मी पुसला. मोबाईलवर दुसरी प्रत होती, तीही मीच पुसली होती.' नेहमीप्रमाणे यांनी वाचलं नाही. नेहमीप्रमाणे मी मेल केला.

रविवारी चहाबरोबर यांनी पुरवणी उघडली. आधी नाव बघितलं, मग खाली वाचत गेले. कप खाली ठेवला. तेवढ्यात मोबाईल वाजायला लागला, कारखान्यातला कोणीतरी होता. यांनी तो उचलला नाही.

"हे तू काय केलंस?" हे म्हणाले. आवाज बारीक झाला होता. "सगळ्या शहरात पेपर गेलाय. लोक काय काय म्हणतील मला."

आतल्या खोलीतून आईचा 'आ' ऐकू आला. दुपार व्हायची होती, तरी ती आत्तापासूनच गाणं मागत होती.

"लोक म्हणतील तरी. तिला तेवढंही उरलं नाही," मी म्हटलं आणि आत गेले.